आकाशातला टॉवर आधी जंगलातल्या गावाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलं आहे. जागा नसेल तर रॉकेटचा भाग कापा पण गावाचा कापू नका, एवढी विनंती.

२४ डिसेंबर २०२५ ला सकाळी मी मानेवाडा रोडवर तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी उभा होतो, एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर इस्रोचं लाईव्ह. ८ वाजून ५५ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून एलव्हीएम३ रॉकेट उडालं आणि पंधरा-सोळा मिनिटांत साधारण ५२० किलोमीटर उंचीवर त्याने ब्लूबर्ड ब्लॉक-२ हा उपग्रह सोडला. वजन जवळपास ६१०० किलो. आपल्या जमिनीवरून एवढा जड उपग्रह याआधी कधी गेला नव्हता, २ नोव्हेंबरला याच रॉकेटने नेलेला सीएमएस-०३ सुद्धा ४४१० किलोचा होता. उपग्रह अमेरिकेतल्या टेक्सासच्या एएसटी स्पेसमोबाईल कंपनीचा, रॉकेट आपलं, आणि तो पाठवायचा व्यवहार इस्रोच्या न्यूस्पेस इंडियाने केला. खरं सांगतो, उपग्रह सुटल्यावर तिथल्या कंट्रोल रूममधे टाळ्या वाजल्या तेव्हा मी पण प्लेट ठेवून टाळ्या वाजवल्या.

ठेलेवाले दादा म्हणाले, "काय पाहून राह्यले भाऊ?" मी सांगितलं की हा उपग्रह म्हणजे आकाशातला मोबाईल टॉवर आहे, साध्या फोनशी डायरेक्ट बोलतो. शेजारचा एक पोरगा लगेच म्हणाला, "मंग तं आता टॉवर गेले म्हणा, अन् नेट फ्री!" त्याच दिवशी दुपारपर्यंत आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण तेच. टॉवरचा जमाना संपला, रिचार्ज संपला, उद्यापासून हिमालयात पण फाईव्हजी. हे सगळं वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो, कारण मी चौदा वर्षं मोबाईल टॉवरवर टेक्निशियन होतो, नागपूर, रामटेक, पारशिवनी, देवलापार, मधली दोन वर्षं गडचिरोलीकडे पण. आता ते काम सोडलं. पण टॉवर कुठे आहे, कुठे नाही आणि कुठे नुसता उभा आहे हे मला अजून पाठ आहे.

आधी हे नेमकं आहे काय ते सांगतो, कारण बातमीत फक्त वजन आणि टाळ्या आल्या. आपल्या हातातला फोरजी फोन जास्तीत जास्त साधारण ०.२ वॅटने सिग्नल टाकतो. घरातला जुना झिरोचा बल्ब पण दहा-पंधरा वॅटचा असतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही. एवढ्याशा ताकदीवर फोन तीन-चार किलोमीटरवरच्या टॉवरशी बोलतो, उघडं माळरान असेल तर जरा जास्त. मग पाचशे किलोमीटर वर त्याचा आवाज कसा पोचणार? फोनचा आवाज तर वाढवता येत नाही. म्हणून ऐकणाऱ्याचा कान मोठा करायचा, सगळी गंमत एवढीच आहे. या उपग्रहाचा अँटेना २२३ चौरस मीटरचा आहे म्हणजे आपल्या भाषेत २४०० चौरस फूट. आमच्या लेआउटमधे १५०० फुटाच्या प्लॉटवर माणूस आयुष्यभराचा पैसा घालून घर बांधतो, त्या प्लॉटपेक्षा ९०० फूट मोठा हा अँटेना, आणि तो घडी करून रॉकेटच्या नाकात बसवतात आणि वर गेल्यावर तो उघडतो. मी टॉवरवर चढून दोन मीटरचे सेक्टर अँटेना बदललेले आहेत, एक एक अंशाने टिल्ट देताना हात भरून यायचे, त्यामुळे हा आकार ऐकला तेव्हा अंगावर काटा आला.

हे लोक काही एकदम इथवर आले नाहीत. सप्टेंबर २०२२ मधे त्यांनी ब्लूवॉकर-३ नावाचा टेस्टचा उपग्रह पाठवला, त्याचा अँटेना ६४ चौरस मीटरचा. एप्रिल २०२३ मधे टेक्सासमधून एका साध्या सॅमसंग गॅलेक्सी एस२२ वरून त्या उपग्रहामार्फत जपानला कॉल लागला. फोनमधे काहीही बदल केलेला नव्हता. यात मोठी गोष्ट हीच आहे, कारण उपग्रहावरून बोलायची सोय जुनीच आहे, इरिडियमची ६६ उपग्रहांची सेवा १९९८ पासूनची, पण त्याला वेगळा जाडजूड अँटेनाचा हँडसेट लागतो, तो घेणार कोण? आमच्या साळभाऊंकडे सात हजाराचा फोन आहे, काचेला तडा गेलेला. तोच फोन वर बोलू शकला तर काहीतरी अर्थ आहे.

आता जे व्हॉट्सॲपवर सांगत नाहीत ते. असा उपग्रह एका जागी उभा राहत नाही, सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटरने पळतो, म्हणजे नागपूर ते रामटेक सहा-सात सेकंदांत. तुमच्या डोक्यावरून तो काही मिनिटांत निघून जातो, मग दुसरा यावा लागतो, मग तिसरा. एकाने काही होत नाही, कंपनीचाच प्लान २०२६ संपेपर्यंत ४५ ते ६० उपग्रह वर नेण्याचा आहे. दुसरं म्हणजे उघडं आकाश पाहिजे. स्लॅबच्या घरात, खाटेवर पडून रील बघायला हे नाही. अंगणात या, शेतात उभे राहा, तेव्हा जमेल. आणि एका बीममधे, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलच्या एका झोतात, खाली भलामोठा भाग येतो आणि त्यातले सगळे फोन तीच कपॅसिटी वाटून घेतात, त्यामुळे सीताबर्डीच्या गर्दीत याचा काही उपयोग नाही, तिथे टॉवरच पाहिजे, टॉवर कुठे जात नाही. पण जिथे दहा किलोमीटरमधे तीन पाडे आणि दोनशे फोन आहेत तिथे हाच उपग्रह सोन्यासारखा आहे. म्हणजे हा बनलाच आहे माझ्या जुन्या एरियासाठी.

लोक विचारतात की मग तिथे टॉवरच का नाही उभा करत. उभा करतात हो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मधे २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांना फोरजी द्यायला, आणि काम झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण टॉवर उभा करणं वेगळं आणि तो चालू ठेवणं वेगळं, हे ज्याने रात्री बारा वाजता जंगलातल्या साईटवर डिझेलचे कॅन वाहिले त्यालाच कळतं. साईटवर काय असतं सांगतो. एक शेल्टर किंवा कॅबिनेट, त्यात रेक्टिफायर, म्हणजे एसी लाईनचं डीसी करणारं यंत्र, ४८ व्होल्टची बॅटरी बँक, बाहेर डीजी सेट, म्हणजे जनरेटर. लाईन गेली की बॅटरीवर लोड जातो, बॅटरी उतरायला लागली की डीजी सुरू व्हायला पाहिजे. लाईन गावात आठ-आठ तास जाते. बॅटरी जुन्या झाल्या की चार तासाची बॅटरी चाळीस मिनिटं पण धरत नाही. डिझेल संपलेलं असतं, नाहीतर चोरलेलं असतं, बॅटरीच चोरून नेलेल्या साईट पण मी पाहिल्या आहेत. उंदीर केबल कुरतडतात, माकडं वरच्या केबल ओढतात. आणि सगळं ठीक असलं तरी मागे जाणारं फायबर रस्ता रुंदीकरणात जेसीबीने तोडलेलं असतं, मग साईटला पॉवर आहे, लाल दिवा पेटतोय, लोकांना वाटतं टॉवर चालू आहे, आणि फोनमधे नुसती फुली. वनखात्याच्या हद्दीतून केबल न्यायची परवानगी वेगळी. शेवटी कंपनीवाला हिशोब करतो की या साईटवर महिन्याचं डिझेल किती आणि रिचार्ज किती, आणि मग त्या साईटवर माणूस पाठवायला सगळ्यात शेवटचा नंबर लागतो. मी कोणाला शिव्या देत नाही, मी त्याच साखळीत पगार घेत होतो.

आता ती रात्र सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही आणि कंपनीचंही नाही. पारशिवनी तालुक्यात पेंचच्या जंगलाला लागून माझ्या बायकोचं माहेर आहे. गावात रेंज नाही, नऊ किलोमीटरवर टॉवर आहे त्याचा सिग्नल गावातल्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर मिळतो. खालून सातव्या पायरीपासून पुढे. सातवी पायरी पोरांनी निळ्या ऑइलपेंटने रंगवून ठेवली आहे, नव्या माणसाला सांगायला सोपं जावं म्हणून. बँकेचा ओटीपी तिथे, पोरीला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा फोन तिथे, रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नसला की दुकानदार मशीन घेऊन टाकीखाली येतो आणि बायका टाकीखाली लाईन लावतात. ई-पीक पाहणीचे फोटो शेतात काढायचे आणि अपलोड करायला टाकीवर चढायचं. म्हाताऱ्या माणसाने शिडीवर चढून लेकाशी बोलायचं, एका हाताने दांडा धरून, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या नऊ किलोमीटरवरच्या टॉवरचा टेक्निशियन मीच होतो.

जुलै महिना, पावसाची झड लागलेली. मी नागपूरला घरी होतो. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी माझ्या फोनवर अलार्मचा मेसेज आला, मेन्स फेल. म्हणजे लाईन गेली. मग थोड्या वेळाने बॅटरी लो. डीजी सुरू झालाच नाही. सव्वा वाजता साईट डाऊन. मी सुपरवायझरला फोन केला, तो म्हणाला पहाटे निघ, रात्री नाल्याला पाणी आहे, गाडी टाकू नको. त्याचं चूक होतं असं नाही. मी अलार्म लावून झोपलो.

त्याच रात्री दोनच्या सुमारास साळभाऊंना मण्यार चावली. जमिनीवर सतरंजी टाकून झोपले होते. मण्यारचं असं असतं की चावल्याचं कळत पण नाही, सूज नाही, रक्त नाही, आधी पोटात दुखतं, मग डोळ्यांच्या पापण्या जड व्हायला लागतात. घरच्यांना वाटलं रात्रीचं जेवण बाधलं. पापण्या पडायला लागल्या तेव्हा आमच्या सासूबाई ओरडल्या, त्यांनी आधी पाहिलेलं होतं. साळभाऊंचा पोरगा, तेव्हा अकरावीत, पावसात टाकीवर चढला. सातवी पायरी, दहावी पायरी, पार वरच्या झाकणापर्यंत. रेंज नाही. असणार कशी, साईट माझी डाऊन होती. तो १०८ लावत राहिला, ११२ लावला, माझा नंबर लावला, मग उतरून मोटारसायकल काढली आणि चिखलातून अकरा किलोमीटर मोठ्या रस्त्यापर्यंत गेला, तिथे दुसऱ्या टॉवरची रेंज मिळाली. अँब्युलन्स आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. साळभाऊ वाचले. नागपूरला नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते, आता शेती करतात, पण त्या नऊ दिवसांत मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून सारखा तो मेसेज उघडून बघायचो. साईट डाऊन, रात्री १ वाजून १५ मिनिटं. यंत्र बंद पडलं तर नागपूरला झोपलेल्या माणसाला मिनिटात कळतं आणि तिथला माणूस मरायला टेकला तर त्याला अकरा किलोमीटर चिखल तुडवावा लागतो. हे मला अजून सहन होत नाही.

आता मला सांगा, त्या रात्री त्या पोराने अंगणात उभं राहून नुसता एक मेसेज टाकला असता आणि डोक्यावरच्या उपग्रहाने तो पकडला असता तर? कॉलची पण गरज नव्हती. साप, पेशंट, गावाचं नाव, बस. पावसाचं म्हणाल तर मोबाईलच्या कमी फ्रिक्वेन्सीला पावसाने फार फरक पडत नाही, टीव्हीच्या छत्रीसारखं चित्र अडकणार नाही. ही स्वप्नं नाहीत. न्यूझीलंडमधे डिसेंबर २०२४ पासून वन एनझेड या मोबाईल कंपनीच्या ग्राहकांना स्टारलिंकच्या उपग्रहांवरून मेसेज पाठवता येतात. अमेरिकेत टी-मोबाईलची अशीच सेवा जुलै २०२५ मधे सुरू झाली. आणि त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२४ मधे हेलेन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातले टॉवर बंद पाडले तेव्हा, सेवा पूर्ण तयार नसताना तिथल्या सरकारने ऑक्टोबरमधे स्पेशल परवानगी दिली की आत्ताच चालू करा, माणसं अडकली आहेत. आमच्या गडचिरोलीतल्या भामरागडला दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढतं आणि तालुका जगापासून तुटतो. ते दर वर्षी येणारं हेलेनच आहे.

आपल्याकडे कुठे अडलं आहे? जून २०२५ मधे व्होडाफोन आयडियाने याच एएसटी कंपनीबरोबर करार जाहीर केला. बीएसएनएलने २०२४ मधे वायासॅट या उपग्रह कंपनीबरोबर डायरेक्ट टू डिव्हाईसची, म्हणजे उपग्रहावरून थेट फोनवर सेवेची, घोषणा केली. स्टारलिंकला २०२५ मधे लायसन्स मिळालं, पण ते मुख्यतः छत्री लावून घ्यायच्या इंटरनेटसाठी आहे. म्हणजे दार अर्धं उघडलं आहे. पण साध्या फोनवर थेट उपग्रह यायचा तर स्पेक्ट्रम, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, कुठला वापरायचा, जमिनीवरच्या टॉवरला त्रास होणार नाही हे कोण बघणार, पैसे किती, हे सगळं ठरायचं आहे. आणि सुरक्षेचा मुद्दा आहे, तो मी हलक्यात घेत नाही. २६/११ च्या अतिरेक्यांनी ज्या कुबेर बोटीतून मुंबई गाठली तिच्यावर सॅटेलाईट फोन सापडला होता. परवानगीशिवाय सॅटेलाईट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे तो उगाच नाही, आणि गडचिरोलीत दोन वर्षं काढलेल्या माणसाला याचं महत्त्व कोणी शिकवायला नको. पण इथे फोन साधा, सिम केवायसी केलेलं, कंपनी आपली, आणि उपग्रहावरून खाली उतरणारा प्रत्येक कॉल भारतातल्या गेटवेतूनच, म्हणजे जमिनीवरच्या केंद्रातूनच, जाईल अशी अट घालता येते. अट घाला, कडक घाला. पण अटीच्या नावाखाली फाईल चार वर्षं फिरवू नका.

माझी मुख्य भीती वेगळी आहे. ती म्हणजे ही सेवा येईल तेव्हा कोणाला आधी मिळेल. महागड्या प्लानमधे टाकतील, ट्रेकिंगला जाणाऱ्यांना, जंगल सफारीच्या रिसॉर्टवाल्यांना, महागडे फोनवाल्यांना. पेंचच्या गेटवर जिप्सीत बसलेला पर्यटक वाघाचा फोटो उपग्रहावरून पाठवेल आणि गेटच्या मागच्या गावातली पोरं टाकीच्याच शिडीवर राहतील. असं होऊ नये.

आणि आपल्या देशात हे उलट करून दाखवलेलं आहे म्हणून मी एवढ्या हट्टाने बोलतो. १ ऑगस्ट १९७५ ला साईट (SITE) नावाचा, उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग सुरू झाला होता, विक्रम साराभाईंनी त्याचा पाया घातला, ते बघायला मात्र राहिले नाहीत. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह एका वर्षासाठी मिळाला होता, त्याचा अँटेना तीस फुटांचा, त्या काळात केवढा मोठा. तेव्हापण युक्ती हीच होती, वरचा अँटेना मोठा करा म्हणजे खालचं यंत्र साधं आणि स्वस्त चालेल. आणि आपण तो उपग्रह कशाला वापरला? सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोचवायला. शेती, आरोग्य, शिक्षण, कुटुंबनियोजन. शहरात टीव्ही नीट पोचायच्या आधी वीज नसलेल्या गावांत बॅटरीवर टीव्ही चालवले. तेव्हा आपल्याकडे उपग्रह सोडणारं स्वतःचं रॉकेट पण नव्हतं, उपग्रह उसना होता, पण पहिला मान खेड्याला होता. २४०० खेडी तेव्हा आणि २४०० फूट अँटेना आता, आकडा योगायोगाने सारखा आला पण माझ्या डोक्यातून जात नाही. आज रॉकेट आपलं आहे, ६४० टनांचं, १४ मजली इमारतीएवढं उंच.

पैशाचं कोण करणार असं विचारतील. त्याचं उत्तर आपल्या रिचार्जमधेच आहे. मोबाईल कंपन्यांच्या ठराविक कमाईवर ५ टक्के रक्कम गावाकडच्या सेवेसाठी वेगळी काढली जाते, आधी तिला यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी. म्हणजे तुम्ही, मी, तो पोहेवाला, सगळे आपण रिचार्ज करताना त्यात घालतोच आहोत. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, मे २०२५ मधे सॅटेलाईट इंटरनेटच्या शिफारशी केल्या तेव्हा शहरातल्या ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा घ्या असं म्हटलं होतं, गावातल्या ग्राहकावर तो बोजा नव्हता. म्हणजे गावाचा विचार होतो, कागदावर तरी होतो. तोच विचार इथे पुढे न्यावा.

माझं मागणं फार नाही. ज्या दिवशी साध्या फोनवरच्या सॅटेलाईट सेवेला देशात परवानगी मिळेल, त्या परवानगीच्या अटीतच लिहा की जिथे जमिनीवरचं नेटवर्क नाही तिथून ११२ आणि १०८ ला मेसेज फुकट जाईल, सिम कोणत्याही कंपनीचं असो, बॅलन्स असो नसो, प्लान असो नसो. कॉल नंतर द्या, व्हिडिओ अजून नंतर, नेट तर सगळ्यात शेवटी दिलं तरी चालेल. मेसेजला कपॅसिटी लागत नाही म्हणण्याइतकी कमी लागते, कंपनीचं काही बिघडत नाही. आणि हो, नुसता मेसेज जाऊन उपयोग नाही, तो मराठीत वाचून अँब्युलन्स सोडणारा माणूस पलीकडे बसलेला पाहिजे आणि माडिया, कोरकू, गोंडी बोलणाऱ्याला टाईप करता येत नसेल तर एक बटण दाबून ठिकाण तरी गेलं पाहिजे. आशाताईंचे फोन आधी त्यात घ्या, जवळपास प्रत्येक गावात एक आशाताई असतेच, त्यांना शिकवलं की गाव शिकलं.

आणि साईट डाऊन झाली की जसा अलार्म माझ्या फोनवर यायचा तसा तो गावाला पण कळवायची सोय करा. टॉवर बंद आहे हे टाकीवर चढलेल्या पोराला कसं कळावं? त्याला वाटतं आपलाच फोन खराब. उपग्रहावरून एक साधी सूचना आली की टॉवर बंद आहे, मोकळ्या जागेत या, मेसेज जाईल, तर त्याची पहिली वीस मिनिटं वाचतात. टॉवरच्या कामातल्या कोणालाही विचारा, यात अवघड काही नाही, ही माहिती कंपनीकडे असतेच, सेकंदासकट.

एक-दोन प्रश्न ठेल्यावर आणि नात्यातही विचारले गेले, त्याचं पण लिहितो. हा वरून पडेल का? २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री सिंदेवाहीकडे आकाशातून धातूचं रिंगण पडलं होतं, चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं सांगितलं गेलं, त्यामुळे आमच्याकडच्या लोकांच्या मनात ते बसलं आहे आणि प्रश्न चुकीचा नाही. काम संपलेला उपग्रह ठरवून खाली आणून जाळायची जबाबदारी कंपनीची आहे आणि ती अटीत असली पाहिजे. दुसरं, एवढा मोठा पसारा उन्हात चमकतो, ब्लूवॉकर-३ तर आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांच्या बरोबरीने चमकायचा, खगोलशास्त्रज्ञांनी त्यावर तक्रार केली आहे आणि ती खरी आहे, त्यावर उपाय काढायलाच पाहिजे. रेडिएशनची भीती मात्र घालू नका, पाचशे किलोमीटरवरून येणारा सिग्नल खिशातल्या फोनपेक्षा कितीतरी कमी असतो.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात रॉकेटचा फोटो पहिल्या पानावर आला ते चांगलंच झालं. आता एक काम अजून करा. नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि मेळघाटातल्या कोणत्या गावांत आजच्या तारखेला रेंज नाही याची यादी तुमच्या वार्ताहरांकडून मागवा आणि छापा. टॉवर उभा आहे का असं विचारू नका, रात्री दोन वाजता लाईन गेलेली असताना फोन लागतो का असं विचारा. सरकारी यादीत आमच्या सासरचं गाव कव्हर झालेलं असेल, मला खात्री आहे, कारण टाकीच्या सातव्या पायरीवर रेंज आहे.

माझ्या जुन्या ड्युटीच्या वह्या अजून घरी आहेत. कोणत्या साईटवरून कोणत्या पाड्याला सिग्नल पोचत नाही ते मी त्यात पेन्सिलीने लिहून ठेवायचो, वर कळवायचो पण, पुढे काय झालं ते सोडा. त्यातली गावं वेगळ्या कागदावर उतरवायला घेतली आहेत, पारशिवनी आणि रामटेक तालुका झाला, देवलापारकडचा भाग या रविवारी होईल. पोरगा आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, साळभाऊंचा, तोच. तो मोटारसायकलवर फिरून प्रत्येक ठिकाणी फोन तपासून येतो आहे, कारण माझी माहिती चार वर्षं जुनी आहे. पूर्ण झाली की यादी तुमच्या ऑफिसात आणून देतो.

आपला नम्र,
एक वाचक, माजी टॉवर टेक्निशियन
मानेवाडा, नागपूर